वकिलांच्या ऑफिसात पहिल्यांदा जाताना: कोणतं काम कुठल्या टेबलावर

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसचा जिना चढून येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा कापडदुकानाची पिशवी असते. सातबारा, दवाखान्याची बिलं, बँकेची नोटीस, लग्नपत्रिकेच्या मागे लिहून घेतलेले फोन नंबर, सगळं तिच्यात एकत्र. पिशवी टेबलावर ठेवून माणूस म्हणतो, "मॅडम, एक केस आहे." साताऱ्यात वकिली करताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. पिशवी रिकामी केल्यावर खरोखर एकच केस निघाली, असं फार थोड्यांदा झालंय.

ज्यांच्या घरात आजवर कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही आणि आता चढावी लागेल असं दिसतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या धास्तीने लोक वकिलाकडेही येत नाहीत आणि येतात तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. वकिलाला भेटलं म्हणजे कोर्टात गेलं असं होत नाही. जमीन घेण्याआधीचा शोध, मृत्युपत्र, नोटिशीला उत्तर, भागीदारीचा करार, भावाभावांतल्या तडजोडीचा मसुदा अशी पुष्कळ कामं कोर्टाचं तोंडही न बघता ऑफिसातच संपतात.

सातारा, कराड, सांगली, मिरजेत आता चार-सहा वकिलांनी एकत्र चालवलेली ऑफिसं दिसतात. एकजण दिवाणी बघतो, एकजण फौजदारी, एकजण दिवसभर तहसील आणि प्रांत कचेरीत असतो, कुणी कौटुंबिक प्रकरणं घेतं, कुणी सहकार आणि बँकांची. अशा ऑफिसचा खरा उपयोग पहिल्याच दिवशी होतो. तुमच्या पिशवीतला कोणता कागद कोणत्या दारात न्यायचा आणि त्या दाराची मुदत कधी संपते, हे तिथे एका बैठकीत ठरू शकतं.

आधी हे बघा: एक घटना, पण दारं किती?

समजा, कोरेगाव तालुक्यातला ३८ वर्षांचा एक माणूस आहे. थोडी शेती, शिवाय स्वतःचा टेम्पो. रात्री महामार्गावर ट्रकची धडक बसते आणि तो जागीच जातो. मागे आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी, दोन्ही मुलं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली. दहावं-तेरावं होईपर्यंत घरात कुणाला कागदाचं भान नसतं आणि ते साहजिकच आहे. पण त्यानंतर त्या बाईंना काय काय करावं लागतं ते पाहा.

पोलिसांत ट्रकचालकावर गुन्हा नोंदलेला असतो. त्या फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रकचा विमा आणि चालकाचा परवाना हे कागद मिळवायचे. ती फौजदारी केस सरकार चालवतं आणि तिच्यातून कुटुंबाचा उदरनिर्वाह होत नाही. त्यासाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात वेगळा दावा लागतो. कुटुंब राहतं त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो, म्हणजे अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी साताऱ्यात चालतो. २०१९ च्या दुरुस्तीने या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. म्हणून "वर्षश्राद्ध झाल्यावर बघू" असं करू नका.

भरपाई कशी निघते हेही माहीत असावं, कारण विमा कंपनीचा माणूस घरी येऊन एक आकडा सांगतो आणि लोक सही करून मोकळे होतात. त्या माणसाचं उत्पन्न महिना २०,००० रुपये सिद्ध झालं, असं धरू. वर्षाचे २,४०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की ३,३६,०००. अवलंबून असणारे चौघे, तेव्हा त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले २,५२,०००. ३६ ते ४० या वयाला गुणक १५ लागतो. झाले ३७,८०,००० रुपये. अंत्यविधीसारख्या बाबींची ठरावीक रक्कम याच्या वर. उत्पन्नाचा पुरावा जेवढा पक्का, तेवढा हा आकडा टिकतो. म्हणून टेम्पोच्या भाड्याच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक फेकून देऊ नका.

माणूस सातबाऱ्यावरचा शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळू शकतात. तो अर्ज तालुका कृषी कार्यालयाकडे जातो आणि तोही लगेच करायचा असतो. मग वारस नोंद. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, वर्दी द्यायची. इथे एक चूक मी सारखी बघते. नोंदीत मुलाचं आणि बायकोचं नाव लागतं. आई आणि मुलगी राहून जातात. हिंदू वारसा कायद्यात आई, पत्नी, मुलगा, मुलगी हे सगळे पहिल्या वर्गातले वारस आहेत आणि अशा घरात त्या माणसाच्या वाट्याचे चार सारखे भाग होतात.

बँकेतल्या ठेवीवर कुणाचं नाव नामनिर्देशित असेल, तर बँक पैसे त्याच्या हाती देते. तरी तो इतर वारसांच्या वतीने ते सांभाळणारा असतो, एकटा मालक होत नाही. नामनिर्देशन नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर दिवाणी कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागतं. अज्ञान मुलांच्या नावची जमीन पुढे विकायची झाली तर कोर्टाची परवानगी विचारात घ्यावी लागते. आई पालक असली तरी. आणि एवढं सगळं चाललेलं असताना पतसंस्थेची नोटीस येते, कारण तो मित्राच्या कर्जाला जामीन होता. घाबरायचं नाही. वारसांची जबाबदारी त्याच्याकडून आलेल्या मिळकतीपुरतीच असते. स्वतःच्या स्त्रीधनातून किंवा पगारातून ते कर्ज फेडायला बायको बांधील नाही.

एक मृत्यू आणि एवढी दारं. चार वेगवेगळ्या वकिलांकडे चार वेळा तीच कहाणी सांगण्याऐवजी ती एका ठिकाणी सांगता यावी, म्हणून एकत्र ऑफिस.

जमीन: सगळ्यात गर्दीचं टेबल

आमच्या भागात निम्म्याहून जास्त माणसं जमिनीसाठी येतात असं म्हटलं तर कुणी वकील हसणार नाही. इथे पहिली गोष्ट समजून घ्या: जमिनीच्या भांडणाचे दोन रस्ते आहेत. एक महसुली, दुसरा दिवाणी.

फेरफार चुकीचा मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव लागलं नाही, क्षेत्र चुकलं, तर वाट महसुली. मंडल अधिकाऱ्यांच्या निर्णयावर प्रांताकडे अपील, त्यावर जिल्हाधिकारी कार्यालय, तिथून पुढे पुण्याला आयुक्तांकडे. जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याच्या हुकमावर ६० दिवसांत अपील करायचं असतं. मालकी कुणाची, खरेदीखत खरं की खोटं, वाटप व्हायचंय का, हे मात्र दिवाणी कोर्ट ठरवतं. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. ती सरकारी वसुलीसाठी ठेवलेली नोंद आहे. प्रांताकडे आठ वर्षं भांडून जिंकलेली माणसं मी पाहिली आहेत, ज्यांना शेवटी दिवाणी दावा पहिल्यापासून लावावा लागला. म्हणून पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारा: माझं काम यातल्या कुठल्या रस्त्याचं, की दोन्हीकडे एकदम जायचं?

शेतरस्त्याचं वेगळं आहे. वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने नांगरला किंवा काट्या टाकून बंद केला, तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ चं कलम ५ आहे. अर्ज तहसीलदारांकडे, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. मुळात रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. हे दोन अर्ज लोक एकमेकांत मिसळतात. रस्ता जुना की नवा, हे न ठरवता टाइप करून आणलेला अर्ज बहुधा फेटाळला जातो आणि त्यात एक ऊस हंगाम निघून जातो.

जमीन विकत घेणार असाल तर आधी या, इसार दिल्यावर येऊ नका. कमीत कमी तीस वर्षांचा शोध घ्यावा: जुने फेरफार, दुय्यम निबंधकांकडची इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), बँकेचा बोजा, भूसंपादनाची नोंद. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" दिसलं की थांबायचं. कोयना, धोमसारख्या धरणांच्या विस्थापितांना मिळालेल्या जमिनी, इनाम-वतनाच्या काही जमिनी या वर्गात असतात आणि परवानगीशिवाय त्यांची खरेदी करणं म्हणजे पैसे पाण्यात. देवस्थान इनाम असेल तर त्याहून सावध. आणि घेणारा स्वतः शेतकरी नसेल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे परवानगीविना शेतजमीन घेताच येत नाही. महाबळेश्वर, वाई, पाचगणीच्या बाजूला शहरातून आलेले लोक हवा आणि डोंगर बघून व्यवहार करतात आणि हा नियम त्यांना खरेदीच्या दिवशी कळतो.

मुलींच्या हिस्स्याबद्दल स्पष्ट लिहिते. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार आहे. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून टाकलं. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा अधिकार. पण भाऊबीजेच्या दिवशी "एक सही हवीय" म्हणून कागद पुढे केला, तर ताईंनी तो कागद घेऊन आधी स्वतःच्या वकिलाकडे जावं. भावाच्या नको. हक्कसोडपत्र नोंदणीकृत झालं की ते मोडून काढणं फार अवघड जातं.

पैसे अडकलेत: चेक, पतसंस्था, बँक

तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाचा माल उचलून व्यापारी चेक देतो आणि चेक परत येतो, ही गोष्ट तिकडच्या शेतकऱ्याला नवी नाही. या कामात कायद्यापेक्षा कॅलेंडर महत्त्वाचं. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा. परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. नाही दिले, तर त्यापुढच्या एक महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. म्हणजे मेमो ५ जानेवारीला मिळाला तर नोटीस ४ फेब्रुवारीच्या आत गेलीच पाहिजे. व्यापारी या काळात काय करतो? फोनवर गोड बोलतो. "पुढच्या आठवड्यात आरटीजीएस करतो, तुम्ही कशाला वकील करताय?" असे तीन-चार आठवडे गेले की नोटिशीचे दिवस संपलेले असतात. बोलणी चालू ठेवा, पण नोटीस आधी जाऊ द्या. मेमो आणि पाकीट दोन्ही जपा, टपालाची पावती फाइलला लावा.

चेकची मुदत गेलीच, तरी सगळं संपत नाही. पैसे वसुलीचा दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांत करता येतो. त्याला वेळ जास्त लागतो, कोर्ट फी भरावी लागते, पण दार उघडं असतं.

आता जामीनदार. गावात कुणी पतसंस्थेचं कर्ज काढतं आणि आपण "नुसती सही" करतो. कर्ज थकलं की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडे वसुली दाखला मागते. त्या सुनावणीची नोटीस जामीनदारालाही येते. ती घेऊन ऑफिसात या. बहुतेक जण नोटीस घरात ठेवून देतात, कारण कर्ज आपण घेतलेलं नाही असं त्यांना वाटत असतं. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षणात, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला, जायचं तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भराव्या लागतात. सुनावणीत उभं राहून व्याज जास्त लावलंय, हप्ते जमा धरले नाहीत, सही माझी नाही, हे सांगायला काहीच भरावं लागत नाही. या एका नोटिशीमुळे निवृत्त शिक्षकांची घरं कशी ढवळून निघतात, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून एवढं लांबवून लिहिलं.

बँकेने घर तारण घेतलं असेल आणि सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, नोटीस आली, तर ती ६० दिवसांची असते. त्या काळात बँकेला लेखी हरकत कळवता येते आणि बँकेला उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली की पुण्यातल्या कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जायचं. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही.

घरातली भांडणं

कौटुंबिक काम करणाऱ्या वकिलाची पहिली परीक्षा म्हणजे तो किती ऐकून घेतो. दावा लगेच टाइप करायला बसणाऱ्यापेक्षा दोन बैठका समेटाला देणारा बरा, असं माझं ठाम मत आहे. मात्र मारहाण होत असेल, तर समेटाच्या नावाखाली बाईला परत पाठवू नये. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण, राहायला घर आणि खर्च हे तिन्ही एकाच अर्जात मागता येतं.

परस्पर संमतीचा घटस्फोट हवा असेल तर दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावेत. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. योग्य प्रकरणात कोर्ट तो काळ माफ करू शकतं. पोटगीचा अर्ज पत्नी राहते तिथल्या कोर्टात चालतो, त्यामुळे माहेरी फलटणला असलेल्या बाईला नवऱ्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. मालमत्तेच्या तुमच्या वादाला ती सवलत लागते का, हे वकिलांना मुद्दाम विचारा.

म्हाताऱ्या आईवडिलांना मुलं बघत नसतील, तर २००७ च्या कायद्याने प्रांताकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. अट मात्र कागदात लिहिलेली असू द्या.

मृत्युपत्र करायला वय व्हावं लागत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी असं मी सांगते. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा आणि ज्याला मिळकत जाणार, त्याला साक्षीदार करू नका.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर

हे एकच काम असं आहे, की ज्यात रात्री अकरालाही वकिलाला फोन करावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कार्यपद्धतीचा कायदाही बदलला. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात. तुम्ही फिर्यादी असाल तर फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. तुमच्यावर आरोप असेल, तर अटकेनंतर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं आणि वकिलाचा सल्ला घेणं हा तुमचा घटनेने दिलेला हक्क आहे. अटक होईल अशी सकारण भीती असेल, तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करता येतो. चौकशीला हजर राहण्याची लेखी नोटीस आली तर हजर राहा. टाळाटाळ केली तर ती नोटीसच अटकेचं कारण होते.

ग्राहक, फ्लॅट, धंदा

यावर थोडक्यात. निकृष्ट बियाणं, नाकारलेला विमा, बिघडलेला ट्रॅक्टर यांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील नसला तरी चालतो. फ्लॅटचा ताबा रखडला तर महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण.

कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराने उद्यम नोंदणी करून ठेवावी. माल घेणाऱ्याने ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या सुविधा परिषदेकडे जाता येतं आणि व्याजही जबर लागतं. भागीदारी असेल तर ती नोंदवा. नोंद नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. चटणी, बेदाणा, पेढे स्वतःच्या नावाने विकत असाल तर ट्रेडमार्क घ्या. व्यक्ती आणि छोट्या उद्योगांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षं टिकते. तालीम, मंडळ, शिक्षणसंस्थेचे विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. न दिल्यामुळे वीस वर्षांपूर्वी वारलेले विश्वस्त अजून कागदावर जिवंत असलेल्या संस्था आपल्याकडे कितीतरी आहेत.

पहिल्या भेटीची तयारी

पिशवी आणा, हरकत नाही. पण घरून निघण्यापूर्वी एका वहीच्या पानावर तारखा लिहा. काय घडलं, कधी घडलं, कुठला कागद कधी मिळाला. नोटीस आली असेल तर ती मिळाल्याची तारीख पाकिटावरच टाका. हे एक पान दहा मिनिटांत माझा तासभर वाचवतं आणि मुदत संपत आलेली असेल तर ती तिथेच दिसते. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या. मूळ कोर्टात दाखल करायची वेळ आली तर वकिलाकडून पोच घ्या.

स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आधी सांगा. घेतलेले हातउसने, फोनवर दिलेली शिवी, पूर्वी केलेली सही. वकिलाला सांगितलेलं त्याला बाहेर सांगता येत नाही. कायद्याने त्याच्यावर तसं बंधन आहे. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत समोरच्या वकिलाच्या तोंडून कळते, तेव्हा आमच्या हातात काही उरलेलं नसतं.

तुम्हीही प्रश्न विचारा. समोरच्या पक्षाचं काही काम या ऑफिसात आहे का? आमच्याकडे सगळे एकमेकांचे पाहुणे असतात. बांधाला बांध असलेले दोघं एकाच ऑफिसात येऊ शकतात. तसं असेल तर त्या ऑफिसाने काम घेऊ नये. तारखेला कोर्टात कोण उभं राहणार, ज्येष्ठ वकील की ज्युनिअर? ज्युनिअर असणं वाईट नाही, पण ज्याला तुमची फाइल पाठ आहे तोच हवा. हे काम तुमच्याकडे नेहमी असतं का? "सगळं करतो" असं म्हणणाऱ्यापेक्षा "हे आमच्याकडे नाही, अमुक ठिकाणी जा" म्हणणारा वकील विश्वासाचा.

फी आधी ठरवा आणि लिहून घ्या: मसुद्याचे किती, तारखेचे किती, कोर्ट फी आणि टायपिंग त्यात धरलंय की वेगळं. पैसे दिले की पावती मागा, संकोच करू नका. निकालाच्या रकमेतला टक्का फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. अपघाताच्या दाव्यात कुणी "तीस टक्के माझे" म्हणालं, तर तिथून उठा. दवाखान्याच्या दारात किंवा पोलीस ठाण्याबाहेर गाठून वकील सुचवणाऱ्या माणसाच्या मागे जाऊ नका. वकिलांना जाहिरात करायला, गिऱ्हाईक गोळा करायला बंदी आहे.

वकीलपत्र वाचून सही करा. त्यात तुमच्या वतीने तडजोड करायचा, पैसे स्वीकारायचा अधिकारही छापलेला असू शकतो. नको असेल तर खोडायला सांगा. कोऱ्या कागदावर सही कुणालाच नाही, मलाही नाही.

फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कोठडीतले, कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो; इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. फोन नंबर १५१००.

केस सुरू झाल्यावर

प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो लिहून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख स्वतः बघत जा. समन्स मिळालं असेल तर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत, कोर्टाने वाढवून दिलं तर ९० पर्यंत. ती गेली नाही तर दावा एकतर्फा पुढे जातो. लोकअदालतीचा प्रस्ताव आला तर ऐकून घ्या. तिथे मिटलं की भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्यावर अपील नाही, म्हणून घाईत अंगठा देऊ नका.

वरच्या कोर्टात जावं लागलं तरी आता मुंबई नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसतं. त्यासाठी या जिल्ह्यांतल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली. रात्रीच्या एसटीने मुंबईला जाऊन, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून, "आज बोर्डावर आलं नाही" ऐकून परतणारे पक्षकार ज्यांनी पाहिलेत, त्यांना सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्याचं मोल कळेल.

वकील बदलायचा असेल तर बदला, तो तुमचा हक्क आहे. जुन्या वकिलांची राहिलेली फी चुकती करा, ना हरकत घ्या. पण फी बाकी आहे म्हणून तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलेलं आहे.

निकाल लागल्यावर

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. वाटपाचा दावा जिंकला, पेढे वाटले, निकालाची प्रत ट्रंकेत गेली आणि बारा-पंधरा वर्षांनी नातू ती घेऊन येतो, कारण सातबारा अजून जुनाच आहे. हुकूमनामा आपोआप अमलात येत नाही. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या, अपिलाची मुदत त्याच तारखांवर मोजतात. मग अंमलबजावणीची दरखास्त, म्हणजे त्यासाठीचा कोर्टातला अर्ज, करा. तिला साधारण बारा वर्षांची मुदत आहे. सरकारी आकार लागणाऱ्या शेतजमिनीचं वाटप असेल तर कोर्ट ते काम दिवाणी संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतं, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेखचा मोजणीदार. तो शेतात येऊन दगड रोवील त्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहा, पंचनाम्यावर सही करा आणि त्यानंतर फेरफार मंजूर होऊन तुमच्या नावचा नवा सातबारा निघाला की त्याची एक प्रत आमच्या फाइलसाठी आणून द्या. तोपर्यंत आम्ही ती फाइल कपाटात वर टाकत नाही.